व्हीएलएसआयची पदवी, आणि वेफर फक्त फळ्यावर?

ऐरोलीकर
भाचीला नवी मुंबईतल्या एका कॉलेजात 'व्हीएलएसआय डिझाइन अँड टेक्नॉलॉजी'ला, म्हणजे चिप बनवण्याच्या शाखेला, जागा मिळतेय. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) 2023 मध्ये या शाखेचा नमुना अभ्यासक्रम आणला. मी लॅब बघून आलो. संगणक भरपूर, बाकी काही नाही. ऑक्सिडेशन (ऑक्साइडचा थर चढवणं), लिथोग्राफी (प्रकाशाने नक्षी उमटवणं), एचिंग (नको तो थर खोदून काढणं) सगळं फळ्यावर! माझं मत ठाम आहे. ज्याने वेफर, म्हणजे जिच्यावर चिप बनते ती सिलिकॉनची चकती, चिमट्यात धरला नाही, त्याला ही पदवी देऊ नये. ऐरोलीचा पूल ओलांडला की पवई किती लांब? तिथे आयआयटीत 2006 पासून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं केंद्र आहे, बाहेरच्या संशोधकांना 'आयएनयूपी' योजनेतून तिथं काम करता येतं. पदवीच्या मुलांना का नाही?

ठाण्याची_बाई
सोळा वर्षं हाच विषय शिकवतेय, म्हणून स्पष्ट बोलते. आपल्याकडच्या बहुतेक नोकऱ्या डिझाइन आणि व्हेरिफिकेशनच्या, म्हणजे ते डिझाइन तपासण्याच्या. तिथे व्हेरिलॉग (सर्किट लिहायची भाषा) आणि टायमिंग (सिग्नल वेळेत पोचतो का याचा हिशोब) पक्कं लागतं. वेफरवरचा ऑक्साइडचा थर काढायला हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरतात. सौम्य असेल तर भाजल्याचं लगेच कळतही नाही, आणि ते आत हाडापर्यंत जातं. साठ पोरं घेऊन मी त्या खोलीत पाऊल टाकणार नाही. स्कायवॉटर या चिप कारखान्याचं 130 नॅनोमीटरचं डिझाइन किट (त्या कारखान्यासाठी चिप आखायच्या नियमांचा संच) 2020 पासून सर्वांना खुलं आहे. माझ्या मुलींनी त्यावर छोटा काउंटर (मोजणी करणारं सर्किट) लेआउटपर्यंत, म्हणजे चिपच्या नकाशापर्यंत नेला, डीआरसीच्या (नकाशा नियमांत बसतो का या तपासणीच्या) चुका काढत दोन रात्री जागल्या. हे शिक्षण नाही?

रबाळे_मेंटेनन्स
तुम्ही दोघंही डिग्रीवाल्यांचंच बोलताय. मी डिप्लोमावाला, औषध कंपनीच्या क्लीनरूमची देखभाल बघतो. महाप्याला 2024 मध्ये चिप पॅकेजिंगच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. अशा ठिकाणी साधारण 25 मायक्रॉनची, केसाहून बारीक तार चिपच्या पॅडवर (जोडणीच्या ठिपक्यावर) जोडतात. रात्रपाळीत बाँडर, म्हणजे ही तार जोडणारं यंत्र, अडला की पीएचडीवाला येत नाही, टेक्निशियन येतो. गाऊन घालायची शिस्त अंगात मुरायलाच महिने लागतात. आमच्याकडे नवी पोरं पहिल्याच दिवशी हातमोज्याने कपाळ पुसतात. आयटीआयमध्ये व्हॅक्यूम पंप उघडायला शिकवा आधी.

ऐरोलीकर
पंपाचं शंभर टक्के मान्य. बाई, ॲसिडही मान्य, ते मुलांच्या हातात नकोच. पण भट्टीतून वेफर बाहेर येतो, ऑक्साइड शंभर नॅनोमीटरच्या आसपास असला तर जांभळा दिसतो, जाडी बदलली की रंग बदलतो. हे डोळ्यांनी बघितलेली मुलगी लेआउट काढताना वेगळा विचार करते. आठ-आठ जणांची तुकडी करून दोन दिवस न्या.

ठाण्याची_बाई
दोन दिवसांत मूल पाहुणा होऊन परत येतं. तोच पैसा प्रोब स्टेशनला, म्हणजे वेफरवर सुया टेकवून मोजमाप करायच्या यंत्राला द्या. तयार वेफरवरचा ट्रान्झिस्टर मुलांनी स्वतः मोजावा, सूत्रातलं उत्तर जुळत नाही म्हणून डोकं खाजवावं, महिनाभर. भाचीच्या कॉलेजात ते आहे का, एवढं विचारा.

ऐरोलीकर
हे विचारलंच नव्हतं. सोमवारी परत जातो.