मदत हवी आहे: गोडाऊनमध्ये माल फुटतोय

वाघोलीकर: जूनपासून माल फुटायचं थांबतच नाहीये. हमालांना तीनदा दम दिला, कॅमेरे लावले, फरक शून्य. पार्टी डेबिट नोटा (फुटलेल्या मालाचे पैसे कापल्याच्या चिठ्ठ्या) पाठवतेय. लवकर सांगा, गुरुवारी गाडी भरायचीय.

चिंचवडचा चंपू: माल म्हणजे काय? फरशा, टीव्ही की अंडी?

वाघोलीकर: लोणच्याच्या काचेच्या बरण्या हो. १२-१२चे खोके.

भोसरी एक्सप्रेस: सरळ फोर्कलिफ्ट घ्या. आम्ही घेतली, कटकट संपली.

जुना स्टोअरकीपर: आणि तिचा दात खोक्यात घुसला की? साहेब, थप्पीतले कुठले खोके जातात, वरचे की तळाचे?

वाघोलीकर: बहुतेक तळाचे. पण हमाल आपटतातच!

टोपीवाला: टोळी माथाडी मंडळात नोंदलेली आहे ना? १९६९चा कायदा आहे. उगाच त्यांच्यावर खापर फोडू नका.

जुना स्टोअरकीपर: आपटलेल्या खोक्याचा कोपरा चेपतो. तळाचे खोके पोट सुटल्यासारखे फुगलेत का? थप्पी कशी लावता?

वाघोलीकर: फुगलेत खरे. थप्पी विटांसारखी, सांधे चुकवून. ढासळू नये म्हणून मे महिन्यात मीच बदलून घेतली.

जुना स्टोअरकीपर: घ्या! पुठ्ठ्याचा खोका वजन पेलतो ते उभ्या कोपऱ्यांवर. विटांसारखं रचलं की वरच्याचा कोपरा खालच्याच्या मऊ भागावर येतो. त्यात पावसाळी हवेने पुठ्ठा नरम. खोका बसला की भार थेट झाकणांवर. कोपऱ्यावर कोपरा ठेवा. ढासळायची भीती असेल तर फक्त सगळ्यात वरचा थर सांधे चुकवून लावा आणि स्ट्रेच फिल्म गुंडाळा. पॅलेटच्या, म्हणजे थप्पीखालच्या फळ्यांच्या चौकटीच्या, कडेबाहेर खोका लोंबता कामा नये.

भोसरी एक्सप्रेस: फोर्कलिफ्टला हे सगळं लागत नाही.

जुना स्टोअरकीपर: फोर्कलिफ्ट काय पुठ्ठा वाळवते का?

हिशेबनीस: फुटलेल्या मालाचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, उलटवलंत का? सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) कायद्याचं कलम १७(५) बघा, नष्ट झालेल्या मालावर क्रेडिट मिळत नाही.

वाघोलीकर: ते विचारलं नव्हतं. आत्ता एक थप्पी उतरवून बघितली. तळाच्या पुठ्ठ्यात बोट घुसतंय. पॅलेट निम्म्याच थप्प्यांखाली आहेत, बाकी माल जमिनीवर.

जुना स्टोअरकीपर: हे पहिल्या ओळीत लिहायचं ना! आज पॅलेट मागवा. आणि ते खोके गुरुवारच्या गाडीत घालू नका, बरण्या तपासून नव्या खोक्यात भरा.

चिंचवडचा चंपू: लोणचं कैरीचं आहे का? खोका चेपलाय पण बरणी शाबूत, अशा सहा मी घेऊन जातो.