साताऱ्याच्या चढांसाठी कोणती सायकल घ्यावी?

मूळ लेख : शाहूपुरी (लिहिणाऱ्यांच्या नावांऐवजी त्यांचा साताऱ्यातील भाग दिला आहे)

गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या चार-पाच जणांनी सायकल घेण्यापूर्वी माझा सल्ला विचारला आणि प्रत्येकाची सुरुवात एकाच प्रश्नाने झाली : किती गिअरची घेऊ? साताऱ्यात राहणाऱ्याने विचारायचा प्रश्न हा नव्हे, असे मला वाटते. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे निघाले तरी आपल्याकडे चढ लागतो, आणि समर्थ मंदिराच्या पुढे तर एका बाजूला बोगदा व दुसऱ्या बाजूला यवतेश्वरचा घाट उभा आहे. म्हणून सायकलीचा सर्वांत हलका गिअर किती हलका आहे हे आधी पाहावे, आणि सायकल साध्या लोखंडी सांगाड्याची, मडगार्ड व कॅरिअर असलेली घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

माझी सायकल अशीच आहे आणि ती मी नऊ वर्षे चालवतो आहे. तिला पुढे ४२, ३४ आणि २४ दात्यांच्या तीन चकत्या आहेत, मागे १४ ते २८ दात्यांच्या सात आहेत, आणि चाके २६ इंची आहेत. सर्वांत हलक्या गिअरवर पॅडलच्या एका फेरीत ती साधारण पावणेदोन मीटर पुढे जाते. २८ इंची चाकांच्या जुन्या काळ्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते धरले, तर तीच एक फेरी जवळजवळ साडेपाच मीटरची होते. घाटात ताशी ६ किलोमीटरच्या वेगाने चढायचे म्हटले, तर काळ्या सायकलीवर मिनिटाला जेमतेम १८ फेऱ्या होतील आणि प्रत्येक फेरीचा सगळा भार गुडघ्यांवर येईल. माझ्या सायकलीवर त्याच वेगाला ५७ फेऱ्या होतात. चढ तेवढाच, श्रमही तेवढेच, पण ते लहान लहान घासांत वाटले जातात.

दुकानात '२१ गिअर' असा आकडा सांगितला जातो, त्याचाही हिशेब करून पाहावा. माझ्याच सायकलीवर पुढे ४२ व मागे २८ दाते ठेवले, किंवा पुढे २४ व मागे १६ ठेवले, तर दोन्ही वेळा गुणोत्तर नेमके दीड येते, आणि ३४ व २२ या जोडीचेही जवळपास तेवढेच येते. मोजताना हे तीन गिअर झाले, पायाला मात्र तो एकच आहे. दोन्ही बाजूंना स्प्रिंग असलेल्या स्वस्त सायकलींबद्दल तर बोलायलाच नको : मागची स्प्रिंग चढावर पायाच्या प्रत्येक जोराबरोबर दबते आणि वर वजनही वाढवते. माझ्या भाच्याला एका दुकानदाराने अशीच सायकल 'घाटासाठी खास' म्हणून दिली. दोन महिन्यांत मागच्या चाकाला आऊट आला, म्हणजे ते वाकडे फिरू लागले, आणि आता ती जिन्याखाली पडून आहे. मुलाची सायकलीची आवडही तिच्याबरोबर तिथेच अडकली, याचे मला फार वाईट वाटते.

प्रतिसाद : करंजे

आपला हिशेब बरोबर असेल, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. माझ्याकडे वडिलांनी वापरलेली २४ इंची सांगाड्याची काळी सायकल आहे आणि ती चाळीस वर्षांहून जुनी आहे. दर दिवाळीच्या आधी मी ती ओव्हरऑइल करून घेतो : छर्रे बदलायचे, कोन आवळायचे, साखळी रॉकेलमध्ये धुवायची, संपले. तिच्या मागच्या कॅरिअरवर दोन बाजूंना दोन किटल्या अडकवून मी वर्षानुवर्षे दूध वाहिले आहे. गिअरच्या सायकलीवर हे करून पाहा. शेतातल्या वाटेवर सायकल एकदा उजव्या कुशीवर पडली की गिअरचा तो मागचा हात वाकतो, साखळी आऱ्यांत अडकू लागते आणि तो सरळ करणारा माणूस खेड्यात भेटत नाही.

रोजच्या आयुष्यात यवतेश्वरला जातो कोण? बहुतेकांची कामे संगम माहुली, कोरेगाव रस्ता, औद्योगिक वसाहत अशा खालच्या अंगाला असतात. चढ आलाच तर उतरून सायकल हाताने चालवत न्यावी. त्यात कसलाही कमीपणा नाही. वर्षातून चार वेळा लागणाऱ्या गिअरसाठी बाकीचे तीनशेसाठ दिवस नाजूक यंत्र का सांभाळायचे, याचे उत्तर आपल्या लेखात मला मिळाले नाही.

प्रतिसाद : गोडोली

मी ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करतो. त्यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ३०० किलोमीटर वीस तासांत पूर्ण करावे लागतात. माझी सायकल ॲल्युमिनियमची असून दहा किलोच्या आसपास आहे. तिचे टायर २८ मिलिमीटरचे आहेत आणि दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. वरच्या दोघांचेही लक्ष फक्त चढण्याकडे आहे, उतरण्याबद्दल कोणी चकार शब्द काढलेला नाही, म्हणून हे लिहीत आहे.

एका जुलैमध्ये मी मित्राची जुनी सायकल घेऊन कासच्या रस्त्याने वर गेलो होतो आणि परतताना घाटात पावसाने गाठले. त्या सायकलीला क्रोमच्या लोखंडी रिम होत्या. ओल्या क्रोमवर ब्रेकचे रबर घासत होते, आवाजही येत होता, पण वेग तसूभर कमी होत नव्हता. पुढे वळण, डाव्या हाताला डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी पाणी वाहणारी चर. मी सायकल मुद्दाम त्या चरीत घातली. कोपर आणि गुडघा सोलून निघाला, पण उजवीकडे दरी होती. त्या दिवसानंतर सायकलीच्या बाबतीत मी पहिला प्रश्न ब्रेकचा विचारतो. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे रस्ते ओले असणाऱ्या गावात तो सर्वांनीच विचारावा. शिवाय वजनही हलके असावे. मूळ लेखकांची सायकल सतरा-अठरा किलोची असणार. ते जास्तीचे ओझे दर चढावर वर का न्यावे?

प्रतिसाद : करंजे

घाटातल्या प्रसंगाबद्दल वाचून काळजी वाटली. ओल्या क्रोमचा दोष मी नाकारत नाही. पावसात मी उतारावर पायीच चालतो. परंतु आपल्या हलक्या सायकलीच्या ट्यूबला बारीक तोंडाचा व्हॉल्व्ह असतो ना? गेल्या उन्हाळ्यात तसाच एक तरुण माझ्या दारात थांबला होता. बाभळीचा काटा गेलेला, पंक्चर त्याने स्वतःच काढले, पण त्याचा हातपंप बिघडला होता आणि आमच्या पंपाचे तोंड त्या व्हॉल्व्हला बसेना. साधा पंप त्या व्हॉल्व्हला जोडणाऱ्या नखाएवढ्या एका पितळी टोपणावाचून त्याला तासभर उन्हात ताटकळत बसावे लागले.

प्रतिसाद : कोडोली

आपण तिघेही ज्या सायकलींबद्दल बोलत आहात, त्या सर्वांना मधला आडवा दांडा आहे. मी साडी नेसून कामावर जाते. माझी नोकरी राजवाड्याजवळ आहे, म्हणजे जाताना चढ आणि येताना उतार, आठवड्यातून सहा दिवस. मला खाली वाकलेल्या दांड्याची, साखळीवर पूर्ण झाकण असलेली आणि पुढे टोपली असलेली सायकल लागते. 'हलका गिअर असलेली घ्या' हा सल्ला ऐकून मी दुकाने पालथी घातली, परंतु अशा सांगाड्यात गिअर असलेली सायकल मला कुठेही दाखवली गेली नाही.

मग एका वयस्कर मिस्त्रींनी निराळाच उपाय सुचवला. माझ्या साध्या सायकलीचे १८ दात्यांचे फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरची दात्यांची चकती, काढून त्यांनी २२ दात्यांचे बसवले आणि साखळीला एक जोड वाढवला. पुढची चकती ४४ दात्यांचीच ठेवली. पॅडलची एक फेरी पाच मीटरवरून चार मीटरवर आली. सपाटीवर पाय थोडे भरभर फिरवावे लागतात, पण पूर्वी मी नाक्याच्या वर दोनदा उतरत असे, ती आता एकदाही उतरत नाही. खर्च एका फ्रीव्हीलचा आणि मजुरीचा. नवी सायकल घ्या, असे सांगण्याआधी हा उपाय लोकांना का सांगितला जात नाही? आणि गोडोलीच्या दादांना एक विनंती : ब्रेकचे आपले म्हणणे पटले, पण मागच्या दिव्याचेही लिहा. ऊसतोडीच्या हंगामात संध्याकाळी घरी परतताना मला सर्वांत जास्त भीती मागून येणाऱ्या ट्रॉलीची वाटते.

मूळ लेखक : शाहूपुरी

कोडोलीच्या ताईंचा आक्षेप मी पूर्णपणे स्वीकारतो. मी स्वतःच्या सायकलीवरून सगळ्यांचे माप घेतले आणि फ्रीव्हील बदलण्याचा मार्ग मला सुचलाच नाही, ही चूक आहे. ब्रेकबद्दलही गोडोलीकरांचे बरोबर आहे. माझ्या रिम ॲल्युमिनियमच्या आहेत, तेवढ्यावर मी निर्धास्त राहिलो.

वजनाबाबत मात्र मी सहमत नाही. माझे वजन ७२ किलो आणि सायकल १७ किलो, म्हणजे घाटात एकूण ८९ किलो वर जातात. दहा किलोची सायकल घेतली तर ८२. सुमारे आठ टक्क्यांच्या या फरकासाठी मडगार्ड, कॅरिअर आणि जाड टायर सोडून द्यावेत, हे स्पर्धेबाहेरच्या माणसाला मी कधीही सांगणार नाही. करंज्याच्या काकांनाही एवढेच म्हणेन की उतरून चालण्यात कमीपणा नाही हे खरे, पण शाळेला उशीर झालेल्या मुलाला रोज उतरावे लागले की तो लवकरच दुचाकी मागू लागतो.

भाच्याची सायकल रविवारी जिन्याखालून बाहेर काढतो आहे. मागच्या स्प्रिंगच्या जागी लोखंडी पट्टी घट्ट बसवता येते का आणि चाकाचा आऊट निघतो का, हे ताईंच्या त्या मिस्त्रींना दाखवायचे आहे. त्यांचे दुकान कोडोलीत नेमके कुठे आहे, ते कृपया कळवावे.

प्रतिसाद : कोडोली

आमच्या चौकात पिंपळाच्या पारासमोर बसतात, सकाळी नऊनंतर. पट्टी बसवायची असेल तर जुनी स्प्रिंग बरोबर न्या. दोन बोल्टमधले अंतर ते तिच्यावरूनच घेतील.