घरात एक तरी खुळी गोष्ट हवीच

तिरपी_चौकट

परवा एका मित्राचं नवं घर बघून आलो. पांढऱ्या भिंती, करडा सोफा, टीव्हीमागे लाकडी पट्ट्या, छतात लपवलेले दिवे. नावं ठेवायला जागा नव्हती. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "कसं आहे घर?" आणि मला सांगायला काही सुचेचना. "छान आहे, स्वच्छ आहे," एवढंच. हॉटेलच्या खोलीबद्दल सांगावं तसं.

म्हणून हा धागा. माझं म्हणणं असं की प्रत्येक घरात निदान एक गोष्ट अशी असावी जिचं कारण पाहुण्याला विचारावं लागेल. आमच्याकडे दोन आहेत. कपड्यांचं कपाट बाहेरून अगदी मुकाट, भिंतीच्याच रंगाचं. दार उघडलं की आत झणझणीत नारिंगी. दुसरी, एक चित्र जमिनीपासून जेमतेम दीड-दोन फुटांवर टांगलंय. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटीमीटरवर घ्यावा असा संग्रहालयवाल्यांचा ठोकताळा आहे. उभ्या माणसाच्या नजरेला ते बरं पडतं. पण त्या कोपऱ्यात आमच्याकडे कुणी उभं राहतच नाही, तिथे लोळत वाचतात. मग चित्रही लोळणाऱ्याच्या नजरेला!

लोक घर घाबरत-घाबरत का सजवतात? चुकलं तर चुकलं.

ओळंबा

असहमत. वीस वर्षं लोकांची घरं करून देतोय, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

"काहीतरी हटके करा" म्हणणारे गिऱ्हाईक नेहमी येतात. एक भिंत गडद निळी, तीही चकचकीत हवी. सांगून बघतो की गडद आणि चकचकीत रंग भिंतीचा प्रत्येक फुगवटा, पुट्टी भरल्याची प्रत्येक रेघ चव्हाट्यावर आणतो. ऐकत नाहीत. पहिल्या महिन्यात फोटो काढतात. दोन वर्षांनी मलाच फोन: "ती भिंत पुन्हा पांढरी करायचीय, आणि निळा खालून डोकावायला नको." खुळेपणा त्यांचा, निस्तरायचा आम्ही.

मूळ मुद्दा हा की अनपेक्षित गोष्ट आठ दिवसांत अपेक्षित होते. पाहुण्याला गंमत वाटते ती पाच मिनिटं, राहणाऱ्याला ती रोज बघायची असते. तुमच्या मित्राच्या घरात कमी काय होतं सांगू? उजेड. छतातल्या त्या दिव्यांनी खोलीत सावलीच पडत नाही, आणि सावलीशिवाय कुठलीही खोली दवाखान्यासारखीच दिसणार. ६५०० केल्विनचे, म्हणजे पांढऱ्याफट्ट उजेडाचे बल्ब काढून २७०० चे पिवळसर लावा. छतातले बंद करून दोन दिवे बसल्या नजरेच्या उंचीवर आणा. बघा स्वभाव येतो की नाही.

रविवारची_सफाई

कोनाड्यात शोभेला मांडलेल्या अकरा बाटल्या कोण पुसतं, हे कुठल्याच सजावटवाल्याने आजवर सांगितलेलं नाही. धाग्यातही नाही. बाकी चालू द्या.

उंबरठ्यावरचा

ओळंबा, आठ दिवसांत शिळं होतं हे सगळ्याच गोष्टींना लागू नाही. लंडनमधलं जॉन सोन या वास्तुविशारदाचं घर बघा, आज ते संग्रहालय आहे. न्याहारीच्या छोट्या खोलीच्या घुमटाकार छतात त्याने बहिर्वक्र आरसे बसवलेत. खोली तीच, पण सकाळचा उजेड वेगळा, संध्याकाळचा वेगळा, आणि प्रत्येक आरशात ती इवलीशी होऊन पुन्हा दिसते. चित्रांच्या खोलीत तर भिंतीच कपाटाच्या दारासारख्या उघडतात. चित्रांमागे आणखी चित्रं. एका बाजूची सगळी दारं उघडली की भिंतच उरत नाही, नजर थेट खालच्या मजल्यापर्यंत उतरते.

म्हणजे शिळी होते ती ठोकून बसवलेली गंमत. उजेडाबरोबर हलणारी किंवा हाताने उघडायची गंमत टिकते. धागाकर्त्याचं कपाट याच जातीचं आहे. त्याची निळी भिंत असती तर मीही तुमच्या बाजूने असतो.

ओळंबा

सोनचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं, साहेब. त्याने १८३३ मध्ये संसदेत कायदा करून घेतला की आपल्या मागे घर जवळपास जसंच्या तसं ठेवावं. १८३७ ला तो गेला, घर आजही तसंच. बघायला अप्रतिम, वादच नाही. पण जिथली वस्तू इकडची तिकडे करता येत नाही तिथे राहून दाखवा. सोनसारखी हौस असणाऱ्यांना घर दाखवायचं असतं. माझ्या गिऱ्हाइकांना घरात मोजे शोधायचे असतात.

तिरपी_चौकट

हाहा, मोजे आमच्याही घरात सापडत नाहीत, ते सगळं नारिंगी असूनही.

पण ओळंबा, साधेपणाला तुम्ही फुकटात सोडताय. अमेरिकेतलं फार्न्सवर्थ हाऊस घ्या. मीस व्हॅन डर रोह या वास्तुविशारदाने बांधलं, १९५१ मध्ये पुरं झालं. चारी बाजूंनी काच, एक फालतू रेघ नाही. बांधून घेणाऱ्या बाईंचं आणि त्याचं भांडण कोर्टापर्यंत गेलं. बाईंची पुढे जाहीर तक्रार काय, तर सिंकखाली कचऱ्याचा डबासुद्धा ठेवता येत नाही, रस्त्यावरून स्वयंपाकघर दिसतं! 'काहीही जादा नको' हाही दाखवण्याचाच एक प्रकार आहे. तिथेही घर बघणाऱ्यासाठी, राहणाऱ्यासाठी नाही.

झिजलेली_पायरी

दोघांचंही पटत नाही. एकाला स्वभाव विकत आणायचाय, दुसऱ्याला दिव्यांनी पाडायचाय. तो राहून येतो हो. टेबलावर जिथे वीस वर्षं कोपर टेकलं तिथलं पॉलिश उडतं. दाराच्या चौकटीवर पोरांच्या उंचीच्या पेन्सिलरेघा चढत जातात. हे कुठल्या आराखड्यात असतं?

हल्ली तर नवी कोरी कपाटं मुद्दाम कडा खरवडून, रंग पोपडवून विकतात. दुसऱ्याची झीज पैसे मोजून आणायची आणि तिला 'कॅरेक्टर' म्हणायचं. आपली स्वतःची झीज पडायला धीर नाही, एवढाच त्याचा अर्थ.

भाडेकरू_३०२

@झिजलेली_पायरी, वीस वर्षं कोपर टेकायला टेबल एका घरात राहिलं पाहिजे ना. आम्ही सात वर्षांत चार घरं बदलली. चौकटीवर पेन्सिलरेघ मारली तर डिपॉझिटमधून कापून घेतात. आमच्यासारख्यांना ओळंबांचे दिवे आणि तिरपी_चौकट यांचं खाली टांगलेलं चित्र, एवढंच परवडतं. उंचीच्या रेघा आम्ही एका लांब लाकडी पट्टीवर मारतो आणि पट्टी सोबत नेतो. ती प्रत्येक घरात वेगळ्याच कोपऱ्यात उभी असते, आणि हो, प्रत्येक पाहुणा विचारतो.

झिजलेली_पायरी

ही पट्टी आवडली. तेवढ्यापुरते शब्द मागे.

संथ_पावलं

वाचत होते, लिहिणार नव्हते. पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही.

आमच्या घरात बैठकीतून आत जाताना एक पायरी उतरायची होती. सजवताना तिला जमिनीसारखीच फरशी लावली, कड दिसू नये म्हणून. सांगणाऱ्याचे शब्द होते, "नकळत खोली बदलते, हीच मजा." वडिलांची नजर अधू झाल्यावर ती मजा त्यांच्या मनगटावर आली. प्लास्टर सहा आठवडे. त्याच घरात फिकट फरशीवर एक काळा गालिचा होता. त्याच्यापाशी बाबा थांबायचे आणि कडेकडेने जायचे. आम्हाला वाटायचं हट्ट आहे. खूप उशिरा कळलं की नजर किंवा स्मृती क्षीण झालेल्या माणसाला फिकट जमिनीवरचा गडद चौकोन खड्ड्यासारखा दिसू शकतो. गालिचा त्याच दिवशी गुंडाळला.

मग पायरीच्या कडेला बोटभर रुंद पिवळा पट्टा मारला. पाहुणे विचारतात हा काय प्रकार. म्हणजे धागाकर्त्याच्या व्याख्येत बसतो. पण आमच्या घरातली ती एकमेव गोष्ट आहे जी अनपेक्षित गोष्ट घडू नये म्हणून केलीय.

ओळंबा

संथ_पावलं, हे वाचून गप्प बसलो होतो थोडा वेळ. अशा बिनकडेच्या पायऱ्या मीही केल्यात. गिऱ्हाइकाने मागितल्या म्हणून नाही, मला छान दिसतात म्हणून. दोन घरं तर लगेच आठवली. फोन करतो त्यांना.

तिरपी_चौकट

माझा नियम बदलतो मग: पायाखाली खुळेपणा नाही. भिंत, छत, कपाटाचं पोट, जिथे करायचा तिथे करा. जमीन आणि जिना मात्र सरळमार्गी असू दे.

पण धागा मागे घेत नाही. उंबरठ्यावरचा म्हणाले ते हाताने उघडायचं घर घ्या. नेदरलँड्समध्ये उत्रेख्तला रीटफेल्ट या वास्तुविशारदाने १९२४ मध्ये ट्रूस श्रोडर या विधवा बाईंसाठी घर बांधलं. वरचा मजला दिवसा एकसंध मोकळा, रात्री सरकत्या भिंतींनी मुलांच्या वेगवेगळ्या खोल्या. जमिनीवर आणि भिंतींवर लाल-पिवळा-निळा, म्हणजे आपल्या हिशेबाने खुळेपणाचा कळस. बाई तिथे १९८५ पर्यंत, मरेपर्यंत राहिल्या. साठ वर्षं! आठ दिवसांत शिळं झालं असतं तर त्यांनी कधीच पांढरं करून घेतलं असतं, तेही तुमच्यासारख्या कुणाकडून.

रविवारची_सफाई

आणि त्या सरकत्या भिंती कोण पुसायचं?

ओळंबा

साठ वर्षं म्हणजे दमदार साक्षीदार आणलात. पण त्या बाई आराखडा करताना रीटफेल्टच्या शेजारी बसलेल्या होत्या, हे विसरू नका. त्यांना काय हवं ते त्यांना ठाऊक होतं. माझ्याकडे येणाऱ्यांना शेजाऱ्याकडे काय आहे ते ठाऊक असतं. तेवढा फरक मान्य केलात तर बाकी भांडण मिटलं, निळी भिंत सोडून.

जाता जाता, कामाचं विचारतो. कपाटाच्या आतल्या नारिंगीला किती हात लागले?

तिरपी_चौकट

चार. तिसऱ्यानंतरही खालचा पांढरा दिसत होता.

ओळंबा

वाटलंच. आधी फिकट करडा प्रायमर मारला असता तर दोनात भागलं असतं.