मुलगी काकाला 'तू' म्हणते आणि मला 'तुम्ही'. उशीर झाला का?

फिटर_खाडीकाठ

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

गाव गुहागर तालुक्यात, दाभोळ खाडीच्या बाजूला. मी मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये फिटर आहे, सोळा वर्षं झाली. नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, मग दोन-तीन महिने घरी, की परत बॅग भरायची. घरी माझी आई, बायको, धाकटा भाऊ आणि दोन पोरं. मुलगी चौदाची, नववीत. मुलगा अडीच वर्षांचा.

महिन्यापूर्वी उतरलो. छोट्याने मला बघितलं आणि थेट आजीच्या पदरामागे. मी ओटीवर बसलो की हा माजघरातून बाहेर यायचा नाही. तिसऱ्या दिवशी मोबाइल घेऊन आला, माझ्यापुढे धरला आणि बोलला, "बाबा लाव." मीच बाबा, हे त्याच्या डोक्यात बसेना. बाबा म्हणजे मोबाइलमधला माणूस. सगळे हसले, मीही हसलो. त्याचं मला एवढं वाटत नाही, तो येईल. आता विहिरीवर माझ्या मागे मागे येतो.

प्रश्न मुलीचा आहे. मागच्या रविवारची गोष्ट सांगतो. मी पडवीत पंप खोलून बसलेलो, पुढ्यात पाने, ग्रीस, सगळा पसारा. ती क्लासवरून आली, सायकलची चेन उतरलेली. माझ्यासमोरून सायकल ढकलत घेऊन गेली, मागच्या आगरात. तिथे काका नारळ सोलत होता. "काका, चेन लावून दे ना." त्याचा हात दोनदा घसरला, चेन बसायला पाच मिनिटं लागली. मी जहाजावर दोन माणसांना न उचलणारे व्हॉल्व्ह बसवतो हो. हातात पाना तसाच धरून ऐकत होतो.

काकाला 'अरे', आईला 'अगं', आजीला पण 'अगं'. मला 'अहो बाबा, जेवायला बसताय का?' उद्धट नाही, उलटून बोलत नाही. आणलेलं चॉकलेट हातात घेऊन "थँक्यू बाबा" बोलते आणि फ्रीजमध्ये ठेवून देते. फोडत नाही.

लहानपणी अशी नव्हती. पाच-सहा वर्षांची असताना मी निघालो की गळ्यात पडून एवढी रडायची की शेजारची माणसं यायची. म्हणून मग आम्ही ठरवलं की ती झोपली की निघायचं. तशीही चिपळूणहून गाडी अपरात्रीची, घरातून दीड-दोनला निघावं लागतं. सकाळी उठून विचारायची, आई सांगायची कामाला गेलेत, येतील. दोन-तीन खेपांनंतर तिने विचारायचंच सोडलं. आम्हाला वाटलं, बरं झालं, समजूतदार झाली.

२०२० ला तर कहर. जून-जुलैत येतो असं सांगितलेलं, पण कुठल्याच बंदरात माणसं उतरवेनात. चौदा महिने जहाजावर काढले. आलो तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि 'अहो' सुरू झालेलं होतं.

बायको बोलते वयच तसं आहे, सगळ्यांच्या पोरी अशाच. भाऊ काही बोलत नाही. मला एवढंच विचारायचंय, की लहानपणी जो लळा सुटला तो सुटलाच का? का अजून काही करता येतं? पुढच्या महिन्यात परत जायचंय.

---

आबा_हर्णै

तुम्ही उगाच जीवाला लावून घेताय. आम्ही सगळे बापाला 'अहो'च म्हणत आलो, समोर उभं राहायची टाप नव्हती. वळण चांगलं आहे मुलीला, असं समजा.

> फिटर_खाडीकाठ
>
> आबा, मीपण माझ्या वडिलांना अहोच करायचो. पण काकालाही करायचो.

---

सुरंगीची_वेणी

दादा, मी मालवणची. माझे वडील ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख होते. तुमचे नऊ महिने, आमचे आठ-दहा दिवस, तरी तुमच्या मुलीच्या जागी मी थोडी बसून आलेय म्हणून लिहिते.

आमच्याकडे बाबा म्हणजे पावसाळ्यातला माणूस. एक जूनला मासेमारी बंद, जुलै संपेपर्यंत बोट किनाऱ्याला. ते दोन महिने बाबा चोवीस तास घरात, आणि खरं सांगू? आम्हाला ते नकोसे व्हायचे. आमचं सगळं बसलेलं असायचं, कोण कुठे झोपणार, कोणाला माशाचा कुठला तुकडा. हे आले की सगळं उलटंपालटं. जरा सवय होतेय तोवर नारळी पौर्णिमा. मग मी एक शोधून काढलं, की सवयच करून घ्यायची नाही. हे मी बारा वर्षांची असताना ठरवलं, पायरीवर बसून, अगदी आठवतंय. त्यात राग नव्हता. हिशेब होता नुसता.

फ्रीजमधलं चॉकलेट वाचून मला माझीच आठवण झाली. माझ्याकडे बाबांनी जत्रेतून आणलेल्या बांगड्या होत्या, लग्न होईपर्यंत डब्यात. घातल्या असत्या तर फुटल्या असत्या ना. त्या नकोशा होत्या म्हणून ठेवल्या नव्हत्या.

---

निवृत्त_मास्तर_रत्नागिरी

मी बरीच वर्षं महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवलं. सल्ला देण्याआधी थोडं सांगतो, कंटाळा आला तर शेवटचं वाचा.

तुम्ही 'लळा' हा शब्द वापरलात, त्याहून चांगला शब्द मला पाठ्यपुस्तकातही सापडला नाही. या लळ्याचा शास्त्रीय विचार मांडला तो जॉन बोल्बी या इंग्रज मनोविकारतज्ज्ञाने. त्याच्या स्वतःच्या लहानपणी आई दिवसातून तासभर दिसायची, सांभाळायला दाई. तो चार वर्षांचा होताना ती दाई घर सोडून गेली, आणि ते दुःख आई गेल्यासारखंच होतं असं तो मोठेपणी सांगायचा. त्याचा सहकारी जेम्स रॉबर्टसन. त्या काळी इस्पितळात ठेवलेल्या लहान मुलांना आईबाप फारसे भेटू शकत नसत. रॉबर्टसनने त्या मुलांकडे नीट बघितलं. आधी मूल आकांत करतं. मग गप्प, खिन्न होतं. मग खेळू लागतं, परिचारिकांशी हसू लागतं, आणि आई आली तर तिच्याकडे वळूनही बघत नाही. इस्पितळवाले म्हणायचे, रुळलं. हे दोघं म्हणाले, रुळलं नाही, आतून दार लावून घेतलं. तुमच्या 'समजूतदार झाली' या वाक्यापाशी मी थांबलो तो यासाठी.

आता दिलासा. १९६४ साली ग्लासगोत शॅफर आणि इमर्सन यांनी ६० तान्ह्या मुलांचा अभ्यास छापला. दीड वर्षाची होईपर्यंत बहुतेक मुलांना एकाहून जास्त माणसांचा लळा लागलेला होता. आणि कोणाचा लागतो हे भरवतं कोण, दिवसभर घरात कोण असतं, यावर फारसं ठरत नव्हतं. मुलाने साद घातली की ओ कोण देतं, यावर ठरत होतं. आपल्या आजी-काकांच्या घरांना हे वेगळं सांगायला नको. तुमच्या मुलीला आई, आजी, काका अशी तीन ओ देणारी माणसं मिळाली. ती पोरकी वाढलेली नाही. भावाच्या हातून चेन घसरली याचा राग मानू नका, तुम्ही नसताना ती जागा त्याने रिकामी राहू दिली नाही.

दुसरी गोष्ट मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंची. १९५४ मध्ये त्या युगांडात गेल्या आणि कंपालाजवळच्या खेड्यांतल्या २६ कुटुंबांत महिनोन्‌महिने जाऊन बसल्या. पुढे बाल्टिमोरला त्यांनी एक छोटी चाचणी बसवली, एक-दीड वर्षाच्या मुलांसाठी. अनोळखी खोली, आई थोडा वेळ बाहेर जाते, परत येते. सगळा खेळ वीसेक मिनिटांचा. लोकांना वाटतं, आई गेल्यावर मूल किती रडलं हे त्यात मोजतात. खरी मेख आई परत आल्यावर मूल काय करतं यात आहे. काही मुलं धावत येतात, कुशीत शांत होतात, परत खेळायला जातात. काही चिकटतात आणि लाथाही मारतात. काही खेळण्यातून मान वर करत नाहीत. ही शेवटची मुलं बघणाऱ्याला स्वावलंबी वाटतात, पण त्यांच्या छातीचे ठोके मोजले तेव्हा ते वाढलेले निघाले.

चौदा वर्षांच्या मुलीला मी कुठल्या खान्यात बसवणार नाही, ती चाचणी तिच्या वयासाठी नाहीच. पण या अनुभवांतून मूल दोन गोष्टींचा अंदाज बांधत जातं, असं बोल्बीचं म्हणणं. हाक मारली तर माणूस येतं का? आणि मी, जिच्यासाठी यावं अशी आहे का? दुसरा प्रश्न वयात येताना फार टोचतो, कारण 'मी कोण' याची जुळवाजुळव एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाच्या मते याच वयात चाललेली असते. म्हणजे तुमच्या पत्नीचंही बरोबर. दार लावून बसणं, बापाशी जेवढ्यास तेवढं बोलणं हे वयाचंही असतं. दोन्ही एकात एक मिसळलेलं आहे, सुटं करता येणार नाही.

हा अंदाज बदलतो का? बदलतो. अमेरिकेत मिनेसोटात १९७०च्या दशकाच्या मध्यापासून मुलांना जन्मापासून मोठेपणापर्यंत न सोडता बघितलं गेलं. सुरुवातीच्या लळ्याची खूण पुढे दिसते, पण पुढच्या अनुभवांनी ती बदलतेही. फक्त मोठ्या माणसाला वाटतं तेवढ्या झटपट नाही.

करायचं काय, तर 'तुम्ही' सोडवायच्या नादी लागू नका. जाण्याची तारीख तिला आत्ता सांगा. आणि झोपेत असताना निघत होतो ते चुकलं, असं एकदा साध्या शब्दांत सांगून टाका. त्यावर ती काही बोलली नाही तर बोलायला लावू नका. जहाजावरून ठरलेल्या दिवशी ठरलेला निरोप पाठवा. रोज दहा आणि मग पंधरा दिवस काहीच नाही, त्यापेक्षा आठवड्याला एक आणि न चुकता.

---

अंगणवाडी_ताई

मास्तरांनी मोठीचं सांगितलं, मी छोट्याचं सांगते. त्यालाही लपून सोडून जाऊ नका. रडू दे. आम्ही अंगणवाडीत रोज बघतो, ज्याची आई गुपचूप सटकते ते पोर दुसऱ्या दिवसापासून तिचा पदर सोडत नाही, खेळतच नाही, सारखी दाराकडे नजर. जी सांगून जाते तिचं पोर रडतं, मग शेंगदाण्याचा लाडू खातं आणि खेळतं.

आणि मोठीची झोप उडाली, जेवण तुटलं, शाळा नको म्हणाली, तर वयाचं आहे म्हणून सोडू नका. १४४१६ ला टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतसेवेचा फोन लागतो, फुकट, मराठीत बोलतात.

---

फिटर_खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. मास्तर, तुमचं मी दोनदा वाचलं, एकदा बायकोला वाचून दाखवलं. ती रुळण्याच्या भागाला उठून आत गेली.

सुरंगीताई, ते हिशेबाचं वाक्य रात्रभर डोक्यात होतं.

काल सांगितलं तिला. मोठा प्रसंग वगैरे काही केला नाही. ती ओटीवर भूगोलाची वही भरत होती, मी खाली पायरीवर बसलो आणि बोललो की अठ्ठावीस तारखेला निघायचंय. आणि तू लहान असताना मी झोपेतच टाकून जायचो, ते नव्हतं करायला पाहिजे. ती नकाशात समुद्राला निळा रंग देत होती, देतच राहिली. मग बोलली, "मी जागीच असायचे." मला काही सुचेना. बोलली, "गाडीचं दार तुम्ही हळू लावायचात ना, ते ऐकू यायचं." आणि मग विचारलं, निघणार किती वाजता. रात्री दोनला, असं सांगितलं. "उठवा मला."

उठवा बोलली, उठव नाही. असू दे.

सायकलची चेन परवा परत उतरली, आणि परत काकाच. पण या खेपेला भावाने आवाज दिला, दादा, तुझा सहाचा पाना कुठाय. मी नुसता पाना नेऊन दिला, उभा राहिलो नाही. चेन सैल झालीय, दोन कड्या काढायला लागतील. ते तिला सांगू का भावाला, यावर विचार चाललाय.

---

सुरंगीची_वेणी

तिला सांगा. आणि कड्या तिलाच काढू द्या, तुम्ही बाजूला बसून पाना द्या.