अलास्का क्रूझ: रात्रीच्या जेवणाला फिक्स टाइम घ्यायचा की फ्लेक्सी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

डोकं पिकलंय म्हणून धागा काढतेय. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सिएटलहून सात रात्रींची अलास्का क्रूझ बुक केलीये. आम्ही दोघं, मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चारची, नाशिकहून आलेले आईबाबा आणि इथलंच कॅलिफोर्नियातल्या बे एरियातलं तिघांचं मित्र कुटुंब, म्हणजे एकूण नऊ डोकी. केबिन झाल्या, अलास्कातल्या ज्यूनोची व्हेल बघायची टूर झाली, बाबांचे थर्मल पण आणून झाले, आणि आता बुकिंगच्या पानावर एक साधा प्रश्न आलाय ज्याच्यावर गेले चार दिवस आमच्या घरात चर्चासत्र चालू आहे. रात्रीचं जेवण साडेपाचला फिक्स, आठला फिक्स, की फ्लेक्सिबल म्हणजे साडेपाच ते नऊ कधीही या?

आमचे पेच असे. बाबांना डायबेटिस आहे, इन्शुलिन जेवणाआधी अर्धा तास घेतात, घरी साडेसातला ताट म्हणजे साडेसातलाच ताट. आई शुद्ध शाकाहारी, अंडं पण नाही, आणि त्यात शुक्रवारी संकष्टी येतेय. लेक साडेसातला जिथे असेल तिथे मान टाकते. आणि मित्राचं म्हणणं की सुट्टीत साडेपाचला जेवायला आपण काय हॉस्पिटलात अॅडमिट आहोत का :)

तीन वर्षांपूर्वी आम्ही चौघं दुसऱ्या एका कंपनीच्या बोटीवर कॅरिबियनला गेलो होतो, तेव्हा फ्लेक्सी घेतलं होतं. मोकळेपणा छान वाटला पण सातच्या सुमाराला गेलं की दाराशी लाइन, हातात ते पेजर देणार आणि मग अर्धा-पाऊण तास लॉबीत मुलीला कडेवर घेऊन फेऱ्या. आणि रोज नवा वेटर. रोज नव्याने सांगायचं की चिकन नको म्हणजे चिकनचं पाणी पण नको, फिश सॉस पण नको. एका रात्री 'व्हेजिटेबल सूप' म्हणून आलं, अर्धं पिऊन झाल्यावर तो बिचारा पळत आला की सॉरी मॅम, स्टॉक बीफचा आहे. मी पचवलं, आईच्या बाबतीत असं झालं तर ती उरलेले सहा दिवस केळ्यांवर काढेल.

तर ज्यांनी आईवडिलांना घेऊन क्रूझ केलीये त्यांनी प्लीज सांगा, काय घेतलंत आणि पस्तावलात का?

सिएटलकर

आधी जेवणाचा विचार सोडा आणि बोट कुठल्या बंदरात किती वाजेपर्यंत आहे तो तक्ता काढा. अलास्काचं गणित कॅरिबियनपेक्षा वेगळं आहे. तिकडे बहुतेक वेळा पाचला सगळे बोटीवर परत असतात, इकडे ज्यूनोला बोट रात्री नऊ-दहापर्यंत पण थांबते, आणि जुलैत तिथे दहाला सूर्यास्त, त्यामुळे टूरवाले संध्याकाळी सहाची पण व्हेल टूर विकतात. तुमची टूर कितीची आहे? चार-पाचची असेल तर त्या दिवशी साडेपाचचं टेबल गेलंच समजा.

दुसरी भानगड व्हिक्टोरिया, म्हणजे कॅनडातलं बंदर. सिएटलहून निघून सिएटललाच येणाऱ्या बोटीला मधे एकदा परदेशी बंदर लागतंच, 1886 चा कायदा आहे अमेरिकेचा, परदेशी झेंड्याच्या बोटीने फक्त अमेरिकेतल्या बंदरांमधून माणसं फिरवायची नाहीत असा. म्हणून शेवटच्या संध्याकाळी सात-आठला व्हिक्टोरियाला टेकवतात आणि मध्यरात्रीला निघतात. त्या रात्री आठचं सीटिंग, म्हणजे आठची जेवणाची पाळी असेल तर गाव बघायचं की जेवायचं ते ठरवा. साडेपाचवाले आरामात जेवून उतरतात.

आणि विषय निघालाच आहे तर, आईबाबांचा कॅनडाचा व्हिसा झालाय ना? अमेरिकेचा व्हिसा असला तरी भारतीय पासपोर्टला तो वेगळा लागतो, व्हिक्टोरियाला खाली उतरायचं नसलं तरी. जेवणापेक्षा हे आधी बघा.

धागाकर्ती

बापरे, व्हिसा झालाय, मार्चमध्येच केला, पण तुमचा मेसेज वाचून परत जाऊन पासपोर्ट उघडून बघितला. व्हेल टूर दुपारी दोनची आहे, साडेपाचला परत धक्क्यावर सोडतात म्हणे. म्हणजे त्या दिवशी साडेपाच नाहीच जमणार.

पळीपंचपात्र

फ्लेक्सी घ्या हो. सुट्टीवर जाऊन घड्याळ कोण बघतं. आम्ही दोघंच असतो, कधी सहाला जेवतो कधी पावणेनऊला, कधी जातच नाही, बफेतून प्लेट भरून बाल्कनीत. दोघांना टेबल लगेच मिळतं हे मात्र खरं, नऊ जणांचं मला माहीत नाही.

वेंगुर्ल्याचा_दर्यावर्दी

ताई, मी अकरा वर्षं बोटीवर डायनिंग रूममध्ये होतो, असिस्टंट वेटर म्हणून चढलो आणि हेड वेटर होऊन उतरलो, आता गावाला असतो. आतल्या बाजूने कसं चालतं ते सांगतो म्हणजे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

फिक्समध्ये वेटर आणि त्याचा असिस्टंट अशी एक जोडी असते, त्यांना ठरलेली टेबलं, एका सीटिंगला साधारण वीस-पंचवीस माणसं, आणि सातही रात्री तीच माणसं. पहिल्या रात्री तो तुमचं बघून घेतो, कोण काय खात नाही, कोणाला पाणी बिनबर्फाचं लागतं. दुसऱ्या रात्री तुम्ही बसायच्या आत बिनबर्फाचं पाणी ठेवलेलं असतं. माझ्याकडे कोल्हापूरचे एक आजोबा होते, पहिल्या रात्री त्यांनी मिरची मागितली, मी हिरवी मिरची बारीक कापून मीठ-लिंबू लावून वाटीत दिली, पुढे सहा रात्री ती वाटी त्यांच्या डाव्या हाताशी असायची, शेवटच्या रात्री म्हातारा डोळे पुसत उठला. हे फ्लेक्सीमध्ये होत नाही असं नाही, पण तिथे आज तुम्ही माझ्या टेबलावर, उद्या दुसऱ्याच्या. माझ्या डोक्यातली माहिती माझ्याबरोबर राहते.

आता शाकाहाराचं. बुकिंगमध्ये 'स्पेशल डाएट' मध्ये भारतीय शाकाहारी लिहा, अंडं नको ते वेगळं लिहा कारण त्यांच्या हिशोबी अंडं व्हेजमध्येच येतं. पण नुसतं लिहून भागत नाही. चढलात की त्याच दुपारी डायनिंग रूमच्या दाराशी मेत्रडी (डायनिंग रूमचा प्रमुख) किंवा हेड वेटर बसलेला असतो, त्याला जाऊन भेटा. भारतीय जेवण मेन्यूवर नसलं तरी गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, करून देतात, गॅलीत आपले लोक बरेच असतात, गोव्याचे तर विचारूच नका. फक्त आदल्या रात्री सांगावं लागतं. आयत्या वेळी सांगितलंत तर पास्ता आणि भाज्या उकडून मिळतील, त्यात वेटरचा दोष नाही, त्या वेळी गॅलीत शेकडो प्लेटा एकदम निघत असतात. फिक्समध्ये हे सोपं पडतं, रात्री गोड खाता खाता वेटर स्वतःच विचारतो उद्या काय करू, डाल की छोले.

साडेपाचच्या सीटिंगचा तोटाही सांगतो. पुढचं सीटिंग आठला लागतं, मधे सगळी टेबलं परत लावायची असतात, त्यामुळे सव्वासातच्या पुढे आम्ही तोंडाने काही म्हणत नाही पण हातातली गती वाढते. तुम्हाला निवांत गप्पा मारत बसायचं असेल तर आठ बरं. शोचं टेन्शन घेऊ नका, थिएटरचे दोन शो या सीटिंगच्या हिशोबानेच लावलेले असतात.

आणि फिक्स घेतलं म्हणजे रोज आलंच पाहिजे असं नाही, पुष्कळांना हे माहीतच नसतं. ज्यूनोच्या दिवशी बफेत जेवा, आदल्या रात्री वेटरला सांगून ठेवा म्हणजे झालं.

कडूगोड

वरची पोस्ट सेव्ह केली.

बाबांच्या इन्शुलिनबद्दल, माझी आई पण घेते म्हणून सांगते. डायनिंग रूममध्ये बसल्या बसल्या जेवण येत नाही. ब्रेड लगेच येतो, पण स्टार्टर यायला पंधरा-वीस मिनिटं आणि मेन कोर्सला पाऊण तास कुठे गेला नाही. आम्ही पहिल्या दिवशी केबिनमध्ये टोचून निघालो, लिफ्टला गर्दी, मग हात धुवायची लाइन, आईला टेबलावर बसेपर्यंत घाम फुटला होता. फ्लेक्सी असतं आणि वर लाइनमध्ये थांबावं लागलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. दुसऱ्या दिवसापासून वेटरला सांगितलं, तो बसल्याबरोबर तिचं सूप आणायचा. नेमकं कधी घ्यायचं ते निघायच्या आधी डॉक्टरांशी बोलूनच ठरवा आणि पर्समध्ये बिस्किटं ठेवा.

अजून एक, अलास्कात घड्याळ सिएटलपेक्षा एक तास मागे असतं. पहिल्या-दुसऱ्या रात्री बोटीचं घड्याळ मागे घेतात आणि शेवटी पुन्हा पुढे, म्हणजे साडेपाचचं जेवण बाबांच्या पोटाच्या हिशोबाने साडेसहाला येईल. म्हणजे घरच्या साडेसातपासून फार लांब नाही राहिलं की.

पळीपंचपात्र

संकष्टीचं कोणी बोलत नाहीये! जुलैत त्या भागात चतुर्थीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारासच उगवणार, तेही ढग नसले तर, आणि तिकडे ढग नसले असं सहसा होत नाही. काकू मध्यरात्री डेकवर ताम्हन घेऊन उभ्या राहणार का?

धागाकर्ती

हसून हसून मेले. आईला विचारलं, तिने शांतपणे सांगितलं की नाशिकचा चंद्रोदय धरायचा, गणपतीला सगळं कळतं. नाशिकची रात्र म्हणजे बोटीवरची सकाळ, त्यामुळे ती ब्रेकफास्टलाच उपास सोडणार आहे. मी काहीही बोलले नाही.

पण गाडी आता फिक्सकडे झुकतेय. अडचण एकच, मित्र. तो साडेपाचला तयार नाही, आणि आम्हाला वेगळ्या टेबलांवर बसायचं नाहीये. आणि आत्ता पानावर साडेपाचला 'वेटलिस्ट' दाखवतंय.

सिएटलकर

साडेपाच आधी भरतं, मुलं आणि ज्येष्ठ नागरिक सगळे तिकडेच. दोन्ही बुकिंग कंपनीला फोन करून एकमेकांना जोडून घ्या, नाहीतर टेबलं वेगळी लागतील, हे आपोआप होत नाही. वेटलिस्ट बऱ्याचदा चढल्यावर क्लिअर होते, दर्यावर्दींनी सांगितलंय तसं त्याच दुपारी जाऊन भेटायचं, पहिल्या रात्रीच्या जेवणानंतर नाही.

सुपारीफोड

मधला रस्ता सांगू का? आम्ही मागच्या वर्षी हेच केलं. फ्लेक्सी घ्या, पण अॅपवरून सातही रात्रींचं सहा-सव्वासहाचं रिझर्वेशन आत्ताच टाकून ठेवा. मग पहिल्या दिवशी हेड वेटरला सांगा की आम्ही रोज याच वेळी येणार, आम्हाला याच वेटरचं टेबल द्या. आम्हाला सातपैकी सहा रात्री मिळालं. म्हणजे फ्लेक्सीच्या नावाखाली फिक्सच, फक्त वेळ आपली. ज्यूनोच्या दिवशी ते रिझर्वेशन साडेसातला सरकवलं, काम झालं. लाइन पण लागत नाही, रिझर्वेशनवाल्यांना वेगळ्या बाजूने घेतात. फक्त नऊ जणांचं मोठं टेबल सातच्या आसपास मिळणं कठीण, सहा-सव्वासहाला मिळतं.

सगळ्या कंपन्यांना हे लागू नाही हां. नॉर्वेजियनवर तर फिक्स प्रकारच नाही, 2000 पासून त्यांचं सगळं 'फ्रीस्टाइल'. डिस्नेवर उलटं, वेळ फिक्स पण रेस्टॉरंट रोज बदलतं आणि वेटर तुमच्याबरोबर फिरतो.

वेंगुर्ल्याचा_दर्यावर्दी

सुपारीफोड म्हणतात ते बरोबर आहे, आम्ही करून द्यायचो. पण माणूस चांगुलपणाने सांगणारा असेल तर. काही लोक पहिल्या दिवशी वीस डॉलरची नोट पुढे करतात, त्याची गरज नसते. हसून नाव विचारलंत तरी पोरगं लक्षात ठेवतं, सात-आठ महिने घरापासून लांब असतो हो तो. द्यायचंच असेल तर शेवटच्या रात्री पाकिटात द्या.

धागाकर्ती

अपडेट: ठरलं एकदाचं. कंपनीला फोन केला, चाळीस मिनिटं होल्डवर, पण बाई चांगली होती. दोन्ही बुकिंग जोडली, फ्लेक्सी घेतलं, रोज सव्वासहा, ज्यूनोला साडेसात, आणि व्हिक्टोरियाच्या रात्री साडेपाच म्हणजे जेवून उतरता येईल. अंडं नको हे वेगळं लिहून घेतलं. मित्राला सव्वासहा पण 'दुपार' वाटतंय, त्याला सांगितलंय की साडेनऊला बफेत परत जेव, कोण अडवतंय. लेक टेबलावर झोपली तर स्ट्रोलर आत नेता येतो का हे तेवढं विचारायचं राहिलं.

आता नवीन प्रश्न, दर्यावर्दी दादा तुम्हालाच. आईने घरून आणलेलं मेतकूट आणि भाजणी बॅगेत भरली आहे आणि ती म्हणते गॅलीतल्या मुलांना थालीपीठ शिकवेन. हे बोटीवर नेऊ देतात का?

वेंगुर्ल्याचा_दर्यावर्दी

घरचं शिजवलेलं आणि सुटं पीठबीठ नेऊ देत नाहीत, चढतानाच काढून घेतील. दुकानातलं सीलबंद पाकीट असेल तर सहसा चालतं, फक्त बंदरावर उतरताना खाली नेऊ नका. गॅलीत पाहुण्यांना शिरता येत नाही आणि बाहेरचं पीठ तिथे कोणी हातात धरणार नाही, त्यामुळे थालीपीठाचं विसरा. मेतकुटाचं सीलबंद पाकीट घ्या, आणि वेटरला रात्री मऊ भात आणि लोणी सांगा, ते कुठल्याही बोटीवर मिळतं.