प्रतिसाद: बर्फ बाजूला सारून भागत नाही

वर विचारलंय की रस्त्यावरून बर्फ सारणारा नांगर फिरवला की झालं, बर्फ उचलून न्यायचा कशाला? कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात तो रस्त्याकडेला साठू दिला तर पुढच्या वादळाचा बर्फ टाकायला जागाच उरणार नाही. म्हणून आधी पार्किंगबंदीच्या केशरी पाट्या लागतात, मग गाड्या उचलणाऱ्या ट्रकचा भोंगा वाजतो. तरीही न हलवलेली गाडी जवळच्या गल्लीत नेऊन ठेवतात. मागून भलं मोठं यंत्र बर्फ गिळून शेजारून चालणाऱ्या ट्रकमध्ये फेकतं. बराचसा बर्फ फ्रँकॉनच्या जुन्या दगडखाणीत जातो. तिथला काळवंडलेला ढीग उन्हाळ्यातही दिसतो! मला सर्वात पटतं ते पदपथांसाठी पालिकेची वेगळी छोटी यंत्रं असणं. म्हाताऱ्या माणसांना, बाबागाडीवाल्यांना त्याचाच खरा आधार.