‘तालीम’, ‘इसम’, ‘खबर’, ‘मार्फत’ : माणसाला ज्ञान कोठून आले?

‘तालीम’ आणि ‘उलेमा’ हे शब्द एकाच घराण्यातले आहेत काय, आणि तसे असल्यास कुस्तीच्या आखाड्याला ‘तालीम’ हे नाव कसे पडले, असा प्रश्न येथे विचारला गेला आहे. उत्तर ‘होय, एकाच घराण्यातले’ असे आहे. पण तेवढ्यावर थांबणे मला जमणार नाही, कारण या घराण्याचे मूळ शोधू गेलो की आपण कुरआनातील एका मोठ्या प्रश्नापाशी येऊन पोहोचतो. माणसाजवळ जे ज्ञान आहे ते त्याला मिळाले कोठून? मराठीत रोज वापरले जाणारे निदान सहा-सात शब्द या प्रश्नाच्या इस्लामी उत्तरातून आलेले आहेत.

ऐन, लाम आणि मीम या तीन अक्षरांच्या धातूपासून ‘इल्म’ म्हणजे ज्ञान, ‘आलिम’ म्हणजे जाणकार, त्याचे अनेकवचन ‘उलेमा’, ‘मालूम’ म्हणजे जाणलेले आणि ‘मुअल्लिम’ म्हणजे शिक्षक, असे शब्द होतात. (‘एक उलेमा म्हणाले’ हा प्रयोग अरबी व्याकरणाला धरून नाही, तरी मराठीत तो रुळला आहे आणि त्यावर हरकत घेण्याचे कारण मला दिसत नाही.) ‘आलम दुनिया’ यातील ‘आलम’ही याच अक्षरांचा आहे, आणि ज्याने शिक्का उमटतो तो ‘खातम’, तसे ज्याच्यामुळे निर्मात्याचे ज्ञान होते तो ‘आलम’, अशी त्याची फोड जुने कोशकार करतात.

आता ‘तालीम’. अरबीत ‘अलिम’ म्हणजे ‘त्याने जाणले’. त्यातला मधला लाम दुहेरी केला की ‘अल्लम’ होते, म्हणजे ‘त्याने दुसऱ्याला जाणते केले’, ‘शिकवले’. मराठीत ‘शिकणे’मध्ये ‘व’ घातला की ‘शिकवणे’ होते आणि ‘कळणे’चे ‘कळवणे’ होते, तोच हा प्रकार आहे. या दुहेरी लामाच्या क्रियापदाचे क्रियानाम म्हणजे ‘तालीम’. प्रेषित मुहम्मद यांना इ. स. 610 च्या सुमारास मक्केजवळच्या हिरा गुहेत जो पहिला साक्षात्कार झाला असे मुस्लिम परंपरा मानते, त्या पाच आयतींमध्ये (वचनांमध्ये), म्हणजे कुरआनाच्या आजच्या 96 व्या सूरेच्या (अध्यायाच्या) आरंभी, हेच क्रियापद दोनदा येते: ‘ज्याने लेखणीद्वारे शिकवले, माणसाला जे ठाऊक नव्हते ते शिकवले.’ दुसरे वाक्य मुळात ‘अल्लमल इन्सान मा लम यअलम’ असे आहे. त्यात एकाच धातूचे शिकवणे आणि जाणणे ही दोन्ही रूपे समोरासमोर ठेवलेली आहेत; पहिल्याचा कर्ता परमेश्वर आहे आणि दुसऱ्याचा, तेही नकारासह, माणूस. माझ्या मते ज्ञानाच्या उगमाविषयीची इस्लामी भूमिका या एका वाक्याच्या व्याकरणातच पूर्णपणे आलेली आहे.

आखाड्याकडे वळतो. कुरआनातील शब्दांचा कोश रचणारे रागिब अल-इस्फहानी यांनी ‘इअलाम’ आणि ‘तालीम’ यांत भेद केला आहे: एखादी गोष्ट झटकन कळवणे हे ‘इअलाम’, आणि पुन:पुन्हा, विपुल प्रमाणात, शिकणाऱ्याच्या मनावर ठसा उमटेपर्यंत शिकवणे ही ‘तालीम’. ज्याने कोल्हापुरात एखाद्या पेठेतल्या तालमीच्या दारात उभे राहून पहाटेचा सराव पाहिला आहे, त्याला ही व्याख्या वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. वस्ताद एका पोराला एकेरी पट काढायला लावतात, तो चुकतो, पुन्हा लावतात, तांबड्या मातीत त्याचे गुडघे माखून जातात, आणि वस्ताद तोंडाने फार थोडे बोलतात. डाव ‘कळला’ म्हणून कोणी थांबत नाही; तो अंगवळणी पडला की थांबतात. नाटकाच्या तालमीतही हेच घडते. म्हणून ‘तालीम’ या शब्दाचा मराठीत अर्थसंकोच होऊन तो केवळ कसरतीपुरता उरला, असे जे म्हटले जाते ते मला पटत नाही. हिंदी-उर्दूत ‘तालीम’ शाळा-कॉलेजाच्या शिक्षणासाठी वापरतात. परंतु रागिब यांनी सांगितलेला पुनरावृत्तीचा गाभा मराठीने अधिक नेमकेपणाने राखला आहे.

दुसरा शब्द ‘इसम’. ‘एक अनोळखी इसम’ हे वर्तमानपत्रातले आणि पोलिसी पंचनाम्यातले शब्द आपल्या इतके कानावरचे आहेत, की ‘इस्म’ म्हणजे अरबीत ‘नाव’ हे सांगितल्यावर आश्चर्य वाटते. यादीत नोंदलेले नाव ते इसम, आणि मग त्या नावाचा माणूस तोच इसम, असा अर्थाचा प्रवास झाला. ‘इस्म’चे अनेकवचन ‘अस्मा’ आणि त्याचेही पुढचे अनेकवचन ‘असामी’. ‘बडी असामी’ तिथून आली. कुरआनाच्या दुसऱ्या सूरेतील 31 व्या आयतीत नेमका हाच ‘अस्मा’ शब्द आहे: ‘आणि त्याने आदमला सगळी नावे शिकवली.’ (क्रियापद पुन्हा ‘अल्लम’च.) मग त्या वस्तू देवदूतांसमोर मांडून त्यांची नावे विचारली गेली, आणि देवदूत म्हणाले, तू आम्हाला जे शिकवलेस त्यापलीकडे आम्हाला ज्ञान नाही. म्हणजे माणसाचे वेगळेपण बळात किंवा भक्तीत सांगितलेले नाही. वस्तूला नाव देता येणे, आणि तेही शिकवल्यामुळे येणे, यात ते सांगितले आहे.

या आयतीच्या अर्थावरून अरबी भाषापंडितांमध्ये शतकानुशतके जो वाद चालला, तो शब्दचर्चेत रस असणाऱ्या कोणालाही मोलाचा वाटेल. इब्न फारिस यांचे मत असे, की भाषा ‘तौकीफ’ आहे, म्हणजे ईश्वराने नेमून दिलेली आहे, आणि आयत तेच सांगते. त्यांचे समकालीन इब्न जिन्नी, ज्यांचा मृत्यू 1002 मध्ये झाला, त्यांनी दुसरी बाजूही मांडली: ‘शिकवले’ याचा अर्थ ‘नावे ठरवण्याचे सामर्थ्य आदमला दिले’ असाही होऊ शकतो, आणि तसा घेतला तर भाषा ही माणसांनी आपसांत संमतीने ठरवलेली, म्हणजे ‘इस्तिलाह’, ठरते. आणि विशेष म्हणजे दोन्ही बाजू मांडून झाल्यावर, अरबी भाषेतली नजाकत पाहिली की मन तौकीफकडे ओढले जाते आणि कारणे तपासली की इस्तिलाहकडे, अशा आशयाची कबुली ते मोकळेपणाने देतात. धर्मग्रंथाचे वचन पुढ्यात असताना एका क्रियापदाच्या अर्थच्छटेवर इतकी मोकळी चर्चा झाली, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते आणि ती अधिकांना ठाऊक व्हावी असे मला मनापासून वाटते.

येथे एक शंका रास्तपणे विचारली गेली आहे: सर्व ज्ञान वरूनच आले असेल, तर डोळे, कान आणि बुद्धी यांना काय काम उरते? याचे उत्तर 16 व्या सूरेच्या 78 व्या आयतीत आहे. अल्लाहने तुम्हाला मातांच्या उदरातून बाहेर आणले तेव्हा तुम्हाला काहीच ठाऊक नव्हते, आणि त्याने तुम्हाला श्रवण, दृष्टी आणि अंत:करणे दिली, असे ती सांगते. जन्मत: पाटी कोरी, दिलेली आहेत ती साधने. पुढे बाराव्या शतकात धर्मशास्त्रज्ञ नजमुद्दीन नसफी यांनी श्रद्धातत्त्वांवरच्या आपल्या छोट्या ‘अकाइद’ ग्रंथात ज्ञानाची कारणे तीन सांगितली: निरोगी इंद्रिये, खरी खबर आणि अक्ल. इंद्रियांसाठी त्यांचा शब्द ‘हवास’ आहे, जो हिंदी-उर्दूतल्या ‘होशोहवास’मध्ये भेटतो. उरलेले दोन्ही शब्द मराठीत घरचे झाले आहेत.

‘खबर’ आज आपण बातमी या हलक्या अर्थाने वापरतो. परंतु ज्ञानशास्त्रात खबर म्हणजे दुसऱ्याने दिलेली साक्ष, आणि तिच्यावर फार बारकाईने विचार झालेला आहे. इतक्या लोकांनी सांगितलेली, की त्या सर्वांनी संगनमताने खोटे बोलणे कल्पनेतही बसू नये, ती ‘मुतवातिर’ खबर निश्चित ज्ञान देते. होऊन गेलेल्या राजांचे आणि दूरच्या नगरांचे ज्ञान, हे नसफी यांनीच दिलेले उदाहरण आहे. विचार करून पाहावा: आपल्यापैकी कोणीही अशोकाला पाहिलेले नाही, आणि तरीही तो होऊन गेला हे आपण अनुमान म्हणून नव्हे तर ज्ञान म्हणूनच बाळगतो. खबरेचा दुसरा प्रकार प्रेषिताच्या वचनाचा. मराठीत ‘खबरदार’ ही धमकी झाली असली तरी फार्सी घडणीत तिचा अर्थ ‘ज्याच्याजवळ खबर आहे तो’, म्हणजे जाणता, असाच आहे.

‘अक्ल’ मराठीत ‘अक्कल’ झाली आणि तिच्याभोवती अक्कलदाढ, अक्कलखाते, अक्कल पाजळणे, अक्कल गहाण ठेवणे असा केवढा संसार उभा राहिला. अरबीत या धातूचा मूर्त अर्थ बांधणे असा आहे. उंटाचा पाय ज्या दोरीने बांधतात ती ‘इकाल’. भरकटू न देणारी ती अक्कल. कुरआनात ‘अक्ल’ हे नाम कोठेच येत नाही, क्रियापदच येते, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे: अक्कल ही जवळ असण्याची वस्तू म्हणून सांगितलेली नाही, करण्याची क्रिया म्हणून सांगितलेली आहे. जुन्या खरेदीखतांत ‘अक्कलहुशारीने, नशापाणी न करता, राजीखुशीने लिहून देतो’ असे शब्द असतात. आमच्या घरच्या एका पिवळ्या पडलेल्या दस्तात ते मोडी वळणात लिहिलेले आहेत आणि त्यांच्याखाली पणजोबांचा शाईने उठवलेला अंगठा आहे. लिहिता न येणाऱ्या माणसाची अक्कलसुद्धा तो कागद पुरेशी मानत होता, हे पाहून मला दरवेळी भरून येते.

‘मार्फत’ हा शब्द मी मुद्दाम मागे ठेवला होता. पोस्टकार्डावर, पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत, ज्याच्या घरी पत्र जायचे त्याच्या नावामागे लिहिला जाणारा हा शब्द म्हणजे अरबी ‘मअरिफत’. त्याचा अर्थ ओळख, परिचय. मग परिचित माणसाकडून, आणि मग नुसते ‘द्वारा’. सूफींनी हाच शब्द ईश्वराच्या साक्षात ओळखीसाठी राखून ठेवला, आणि ज्याला ती झाली तो ‘आरिफ’. इल्म आणि मअरिफत यांत फरक असा केला जातो, की मअरिफत ही खुणांवरून, विचार करून पटलेली ओळख असते. म्हणून अल्लाहला ‘अलीम’ (सर्व जाणणारा) म्हणतात, ‘आरिफ’ म्हणत नाहीत, कारण त्याला खुणांची गरज नाही. इल्मच्या उलट ‘जहल’, अज्ञान. मअरिफतच्या उलट ‘इन्कार’, म्हणजे ओळख न देणे. आपला ‘इन्कार’ तोच. आतून झालेली ओळख सर्वांसाठी प्रमाण मानावी काय, यावर मात्र एकमत नाही. नसफी यांनी ‘इल्हाम’, म्हणजे अंत:स्फूर्ती, ही वस्तूच्या सत्यतेचे ज्ञान देणारी कारणे मोजताना स्पष्टपणे वगळली. त्यांचे ज्येष्ठ समकालीन, तत्त्वचिंतक गझाली (1058–1111) यांचा अनुभव वेगळा होता: तारा डोळ्यांना दिनाराएवढा दिसतो आणि गणित तो पृथ्वीहून मोठा ठरवते, म्हणून इंद्रियांवरचा आणि पुढे बुद्धीवरचाही त्यांचा विश्वास उडाला, आणि तो परत आला तो युक्तिवादाने नव्हे, तर ईश्वराने उरात टाकलेल्या प्रकाशाने, असे त्यांनी स्वत: लिहून ठेवले आहे. मला नसफी यांची सावधगिरी समजते, पण गझालींचे ते पान विसरता येत नाही.

त्या पहिल्या पाच आयतींतली लेखणी म्हणजे मुळात ‘कलम’; तिच्याविषयी थोडक्यात. हा शब्द ग्रीकमधील ‘बोरू’ या अर्थाच्या शब्दापासून अरबीत आला असे मानतात. मराठीत त्याची लेखणी, कायद्याचे कलम आणि आंब्याचे कलम अशी तीन अंगे आहेत. तिसऱ्याचे नवल वाटण्याचे कारण नाही, कारण बोरूचे टोक जसे तिरके कापतात तशीच कलमाची काडीही तिरकी कापतात, आणि फार्सीत ‘कलम करणे’ म्हणजे छाटणेच.

शेवटी, त्या पहिल्या साक्षात्काराचा पहिलाच शब्द जो ‘इकरा’, त्याचे भाषांतर ‘वाच’ असे करावे की ‘पठण कर’, या प्रश्नाबद्दल. अरबी क्रियापदात लिहिलेले वाचणे आणि तोंडाने म्हणणे हे दोन्ही अर्थ आहेत, आणि ‘कुरआन’ हे नावही त्यावरूनच. बुखारी यांच्या हदीससंग्रहात (प्रेषितांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहात) प्रेषितपत्नी आयेशा यांनी सांगितलेल्या वृत्तान्तात प्रेषितांचे उत्तर ‘मला वाचता येत नाही’ असे आहे, तर इब्न इसहाक यांच्या चरित्रात ‘मी काय वाचू?’ असे. इब्न इसहाक यांच्याकडे देवदूत मजकूर लिहिलेले रेशमी वस्त्र घेऊन येतो, पण बुखारींकडच्या वृत्तान्तात पुढ्यात काही लिहिलेले असल्याचा उल्लेख नाही. म्हणून काही जण ‘वाच’ला आक्षेप घेतात. पण मराठी ‘वाचणे’ संस्कृत ‘वाचयति’वरून, म्हणजे ‘बोलायला लावतो’ या प्रयोजकावरून आलेले आहे. पोथी वाचणे म्हणजे आजही आपल्याकडे मोठ्याने म्हणणे. त्यामुळे ‘वाच’ या दोन अक्षरांत उच्चार आणि अक्षर दोन्ही मावतात, आणि मी तेच ठेवीन. ‘इकरार’शी मात्र ‘इकरा’चा संबंध जोडू नये, तो शब्द स्थिर होणे या अर्थाच्या वेगळ्या धातूचा आहे.